सासऱ्यांचा गज

गदीजा टीटी आमच्या दारात आली की आधी गाडीकडे बघायची, मग आपल्या भावाकडे, आणि काही उरलंच तर माझ्याकडे. ही माझी थोरली नणंद. टीटी म्हणजे मोठी बहीण. खरं तर ती एकट्या गनीफची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, टीटी, पण अख्खी गल्ली तिला टीटीच म्हणायची, कारण नुसतं गदीजा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गाडी सासऱ्यांची. बोया, म्हणजे माझे सासरे, अल्लाच्या घरी गेले तेव्हा घर गनीफला ठेवून गेले, सोनं गदीजाला, आणि पिवळ्या गोल्फ गाडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. गाडी आमच्याच अंगणात उभी राहिली. लग्न होऊन आले तेव्हा मी तिच्यावरच चालवायला शिकले होते. तिन्ही पोरं दवाखान्यातून तिच्यातूनच घरी आणली. दर रविवारी पहाटे कूसिस्टर तळून, पाकात घोळवून, वर खोबरं भुरभुरवून मी डबे तिच्यातच टाकते आणि आमची सगळी स्ट्रँडफॉन्टेन वस्ती अंथरुणात असतानाच दारोदार पोचवून येते. त्या गाडीवर माझा जीव होता, आणि गदीजाचा डोळा.

गेल्या लबारंगला, म्हणजे ईदेला, जेवणं उरकून सगळे अंगणात सुस्तावले होते, तेव्हा तिनं विषय काढला.

"गाडीचं काय ते एकदाचं मिटवून टाकू."

"मिटवायचं काय त्यात?" मी म्हटलं. "उभीये की बिचारी."

"तुझ्या अंगणात उभीये." तिनं चहाचा कप खाली ठेवला. "क्लबची बायकांची शर्यत आहे ना पुढल्या महिन्यात? दोघी त्यात उतरू. त्याच गाडीतून. जिला वेळ कमी लागेल, तिची गाडी."

पाव्हणे एकदम ताठ बसले. आमच्या गाड्यांच्या क्लबची शर्यत म्हणजे समुद्राकाठच्या रिकाम्या मैदानावर शंकू मांडायचे आणि एकेकानं घड्याळ लावून त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढायची. बायकांच्या गटात गदीजा टीटी आपल्या छोट्या निळ्या गाडीतून इतकी वर्षं जिंकत आली होती, की दुसऱ्या नंबरचा कप आणायचं क्लबनं केव्हाच सोडून दिलं होतं. कुणी उतरतच नसे.

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत नाही आलंही होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "का गं, मायमूना? तुला फक्त डबेच पोचवता येतात वाटतं?"

"ठरलं," मी म्हटलं.

गनीफनं कपाळाला हात लावला. माझा नवरा मेकॅनिक आहे, अंगणातच गोल्फ गाड्या दुरुस्त करतो. गाड्यांचं त्याला सगळं कळतं, बायकांच्या मधे पडू नये हेही कळतं.

आता त्या गाडीतलं एक सांगायला हवं. बोयांनी फार पूर्वी भंगारातल्या एका दांडग्या गाडीचा स्टॅबिलायझर काढून आणला होता. स्टॅबिलायझर म्हणजे समोरासमोरच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी गज, वळणात गाडी कलंडू नये म्हणून खाली आडवा बसवलेला. हा गज माझ्या अंगठ्यापेक्षा जाड. त्यांनी तो तापवून वाकवला, आणि गोल्फच्या पुढच्या चाकांना स्वतःच्या हातानं कड्या वेल्ड करून, रबरं घालून बसवला. त्यांचं म्हणणं साधं होतं: पुढची चाकं ओढतात, पुढचीच चाकं वळतात, मग ताकद पुढेच हवी. गाडी वळणात अजिबात झुकायची नाही. मशिदीबाहेर पोरं खाली वाकून तो गज बघायची, आणि बोया दाढीवरून हात फिरवायचे.

पण गाडी वळायचीही नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक आपलं सरळ कुंपणाकडे. मी सुरुवातीला एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळ्यांनाच तेच म्हणायचे. म्हणून आम्ही सगळे मुकाट मान्य करून बसलो होतो की आपल्याला नाचता येत नाही.

सरावाला मी जुने रंगाचे डबे मांडून बघितले. एकही डबा जागेवर राहिला नाही. जोरात गेले की गाडी वळणाबाहेर घरंगळायची, आणि हळू गेले तर त्यापेक्षा चालत गेलेलं बरं. घरी येऊन मी गनीफला म्हटलं, "जाऊ दे. किल्ली नेऊन दे तुझ्या बहिणीला."

"अजून वेळ आहे," तो म्हणाला. म्हणजे त्यालाही तेच वाटत होतं.

मधेच त्याच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न आलं. नवरीचा दुसरा पोशाख मी हॉलवर पोचवायचा होता, आणि ऐन लग्नाच्या सकाळी गाडी पुढून टकटक वाजायला लागली. गजाची रबरं झिजली होती. आमच्याकडे एक वेळ नवरा उशिरा आला तर चालतं, पण वरातीत वाजणारी गाडी चालत नाही. मेकॅनिकची तर नाहीच नाही, वर्षभर लोक टकटक करून दाखवतात. दुकानं बंद. गनीफ नवा सूट घालून पुठ्ठ्यावर आडवा झाला, गजाचं एक टोक सोडवलं, तारेनं वर बांधून टाकलं, आणि हात पुसत उठला. "आवाज बंद. सोमवारी नवी रबरं टाकतो. कनाला, कुणाला बोलू नकोस." कनाला म्हटलं की आमच्याकडे नाही म्हणता येत नाही.

मी पोशाखाचा खोका मागे ठेवून निघाले. पहिल्याच चौकात, रोजच्या सवयीनं, मी स्टिअरिंग जरा लवकर आणि जरा जास्तच फिरवलं. आणि गाडी वळली. अशी वळली की आतल्या अंगाच्या फुटपाथची कड चाटून गेली आणि खोका या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत गेला. मला वाटलं टायर फुटला. पुढच्या चौकात हळूच वळवून बघितलं. पुन्हा तेच. बोलावलं की यावं, तसं नाक आत येत होतं. तिसऱ्या चौकाला मला मुळात जायचंच नव्हतं, तरी जाऊन आले.

हॉलच्या मागे ब्रेयानीच्या, म्हणजे बिर्याणीच्या, हंड्यांपाशी मी गनीफला गाठलं. "गाडीला काय केलंस तू?"

त्याचा चेहरा उतरला. "पुन्हा वाजतेय?"

"वळतेय!"

 त्यानं हंड्याजवळचं फडकं उचललं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं आपल्या हातात धरलं आणि पिळलं. "हा गज. गाडी झुकते तेव्हा एक चाक वर जातं, एक खाली, आणि गज असा पिळला जातो. तो दोघांना समान राहा म्हणतो, म्हणून गाडी झुकत नाही. पण फुकट काही मिळत नाही ना. जितका गज जाड, तितका तो असेल त्या जोडीच्या, पुढच्या किंवा मागच्या, बाहेरच्या चाकावर बोजा. बोजा फार झाला की चाक रस्ता सोडतं."

"मग?"

"मग काय. आपल्या गाडीची पुढची चाकं आधीच दोन नोकऱ्या करतात, ओढायची आणि वळवायची. बोयांनी तिसरी त्यांच्याच डोक्यावर टाकली. मागची बसलीयेत आराम करत." त्यानं फडकं सोडलं. "गज बांधायचाच, तर मागे बांधायचा. मग मागची टायरं आधी थकतात, आणि पुढच्यांना वळायला ताकद उरते."

"म्हणजे इथं घोडं पेंड खात होतं. हे तुला माहीत होतं?"

"इतर सगळ्यांच्या गाड्यांना मी तेच करून देतो."

"आणि बोयांना?"

गनीफनं आजूबाजूला बघितलं, जसे काही बोया ब्रेयानी घ्यायला रांगेत उभे होते. "बोयांना कोण सांगणार?"

बोयांना जाऊन सहा वर्षं झाली होती. या घरात माणसं जातात, धाक राहतो. मी रागावणार होते, पण हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. गनीफही हसला. आमच्या लग्नानंतर एका हंड्यामागे आम्ही इतकं हसल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर सोमवार आला, पण रबरं काही आली नाहीत. आला तो भंगारातून एक बारीक गज, आणि गनीफनं तो मागच्या अ‍ॅक्सलखाली बसवला, शिट्टी वाजवत. बोयांचा गज जागेवरच राहिला, तारेला बांधलेला. तो काढून टाकायचा धीर त्याला झाला नाही.

मी पुन्हा रंगाचे डबे मांडले. गाडी आता झुकायची. चांगली झुकायची, आणि वळणात आतलं मागचं चाक जमिनीपासून उचलायची, खांबापाशी कुत्रं उभं राहावं तशी. मासे धरायला आलेली म्हातारी माणसं गळ सोडून बघत बसली. पहिल्या जोरकस वळणात मला भीती वाटली, मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, आणि गाडीचं शेपूट फिरून पुढे आलं. थांबले तेव्हा ज्या वाटेनं आले तीच वाट समोर दिसत होती.

गनीफ धावत आला. "पाय का काढलास?"

"भ्याले म्हणून."

"भिऊन पाय काढलास की सगळा भार पुढे जातो, मागचं हलकं होतं, आणि फिरतं. भीती वाटली की दाबायचं. पुढची चाकं ओढून सरळ करतात."

भीती वाटली की दाबायचं, हे काय कुणाच्या आईनं शिकवलेलं असतं? पण चार-पाच गिरक्या खाल्ल्यावर पायाला कळलं. मग मात्र मला घरी न्यायला गनीफला हाका माराव्या लागायच्या.

शर्यतीच्या दिवशी वारा असा सुटला होता की शंकूंत वाळू भरावी लागली. गदीजा टीटी पांढराशुभ्र स्कार्फ बांधून, सोबत निम्मं खानदान घेऊन आली. प्रत्येकीला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. मी आधी उतरले. शंकू एकामागून एक येत गेले, गाडी डावीकडे लवली, उजवीकडे लवली, शेवटच्या वळणात चाक उचलल्याचं मला सीटखालून कळलं आणि मी दाबलं. वेळ पुकारली तेव्हा टाळ्या पडल्या. बायकांच्या गटात तेवढा कमी वेळ गदीजालाही कधी लागला नव्हता.

ती टाळ्या वाजवत नव्हती. तिनं स्कार्फ सावरला, सरळ गुडघ्यांवर बसली आणि गाडीखाली बघितलं.

"हे कुणी केलं?"

गनीफनं माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे. "मी."

"बोयांचा गज. तारेनं बांधलायस. बकरं बांधावं तसा."

"टीटी, म्हणशील तर आत्ता लावून देतो. तू तशी चालव."

ती उठली. रागानं तिनं गुडघ्यांवरची वाळू झटकली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "काही नको. हिनं चालवली त्याच गाडीत मी चालवणार. उद्या कुणी म्हणायला नको, गदीजा वेगळ्या गाडीत जिंकली."

मी तिच्या खिडकीपाशी गेले. "टीटी, एक सांगते. वळणात पाय काढू नका. भीती वाटली तर उलट दाबा."

"कप किती आहेत माझ्याकडे, मोजून ये जा," ती म्हणाली आणि काच वर केली.

तिचे सगळे कप एकाच युक्तीवर आले होते, आणि ते मला पुढे दहा मिनिटांनी समजलं. तिच्या निळ्या गाडीत जोरात आत शिरायचं आणि ऐन वळणात पाय काढायचा, की नाक अलगद आत येतं. तिनं बोयांच्या गोल्फमध्ये तेच केलं. दुसऱ्याच वळणात शेपूट सुटलं, गाडी भोवऱ्यासारखी फिरली, आणि तीन शंकू पोटाखाली घेऊन मैदानाच्या मधोमध उभी राहिली. लोक ओरडले. गदीजा टीटीला फिरलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

माझ्या दुसऱ्या फेरीत मला एक शंकू लागला, म्हणून माझी पहिल्या फेरीचीच वेळ धरली गेली. ती पुरेशी होती. मी गाडी परत आणून तिच्यापुढे उभी केली. ती आत बसली, पण किल्ली फिरवेना. मला वाटलं काही लागलंय. मी शेजारच्या दारानं आत जाऊन बसले.

"या गाडीत माझं असंच होतं," ती म्हणाली. समोर बघत. "लग्नाच्या आधी बोयांनी एकदा मला चालवू दिली होती. याच मैदानात. मी वळवली, ही सरळ गेली. कुंपणात. सगळी पोरं उभी होती. बोया म्हणाले, 'गदीजा, तुझे हात रोट्या लाटायचे.' परत कधी बसले नाही या गाडीत. मग जिंकत सुटले. वाटलं, येतील कधीतरी बघायला."

"आले नाहीत?"

"कधीच नाही."

वाऱ्यानं वाळू काचेवर येऊन आपटत होती. गाडी तेव्हा माझी झालेलीच होती. तिला अजून एक फेरी होती, पण तिची तशी अवस्था, आणि युक्ती तीच. मी फक्त गप्प बसायचं होतं, मूग गिळून. खरं सांगते, मी दोन-तीन श्वास बसलेही. गाडी मला हवी होती. पण साठी उलटलेली बाई, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होती, जशी काही ती ऐन वेळी कामी न आलेली भांडी होती.

"टीटी, त्या दिवशी तुम्ही स्टिअरिंग फिरवलं होतं ना?"

"पूर्ण."

"आणि नाक सरळच गेलं?"

"हो म्हटलं ना."

"सगळ्यांचं जायचं. माझं, गनीफचं. तो गज होता, टीटी. पुढे तेवढा जाड गज लावला की गाडी वळतच नाही. तुमचे हात नव्हते. अंगणच वाकडं होतं."

तिनं मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "गनीफला माहितीये?"

"त्यानंच सांगितलं. फक्त बोयांना सांगितलं नाही."

"चाळीस वर्षं," ती म्हणाली.  मला वाटलं रडते, आणि ती रडलीच, पण मधेच ते हसण्यात गेलं, आणि हसता हसता तिनं स्टिअरिंगवर असा दणका मारला की हॉर्न वाजला आणि घड्याळवाला दचकून उठला. "गनीफचे कान उपटते नंतर. आधी सांग, ही कशी चालवायची."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. कुठे लवते, कुठे शेपूट हलतं, कुठल्या वळणात नकोसं वाटलं तरी दाबायचंच. लांबून गनीफ मला हातानं तोंड शिवायच्या खुणा करत होता. मी खाली उतरले आणि दार लावलं.

ती फेरी मी विसरणार नाही. पिवळी गाडी एकदा या अंगाला लवली, एकदा त्या, मागचं चाक दर वळणाला वर, आणि इंजिनाचा आवाज एकदाही खाली आला नाही. दुसऱ्या वळणात शेपूट हललं. तिनं दाबलं. लोक उभे राहून ओरडत होते, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता, हे मला गनीफनं दंडाला धरून सांगितलं.

वेळ पुकारली. माझ्यापेक्षा अर्ध्या सेकंदानं कमी.

गाडी गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी पुढच्या खणातून माझी चष्म्याची डबी, जपाची तस्बीह आणि खोबऱ्याचा चमचा काढून घेतला आणि किल्ली तिच्या हातात दिली. तिनं मला इतकं घट्ट मिठीत घेतलं की चमचा बरगडीत घुसला. मग ती गाडी घेऊन निघून गेली, आणि मैदानाच्या फाटकाचं वळणसुद्धा तिनं हळू घेतलं नाही. आम्ही गनीफच्या बक्कीतून, म्हणजे मागून उघड्या छोट्या ट्रकमधून, घरी आलो. वाटेत तो म्हणाला, "तू वेडी आहेस." मी म्हटलं, "हो." आणि मला कमालीचं बरं वाटत होतं.

रविवारी पहाटे मी कूसिस्टर तळले, डबे भरले, आणि तेलकट बक्कीत ते कुठे ठेवावेत या विचारात होते, तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. गदीजा टीटी पिवळ्या गाडीतून उतरली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"बघतेस काय? डबे माझ्या मांडीवर दे. मागे ठेवलेस तर पाक सांडेल."

"चालवायला?"

"तूच. मला बसून बघायचंय, कसं दिसतं ते."

मी बसले. रस्ता रिकामा होता, नमाजाहून परतणारी दोन माणसं सोडली तर. पहिल्या चौकात, सगळे डबे तिच्या मांडीवर आहेत म्हणून, मी वेग कमी केला.

तिनं दोन्ही हातांनी डबे छातीशी धरले.

"बोया बघत नाहीयेत," ती म्हणाली. "दाब."